एका जबड्याची तीन कोटेशनं

आत्याने जेवणाच्या टेबलावर तीन कागद मांडले आणि पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांवर चष्म्याचं घर ठेवलं. तिन्ही कागद पुण्यातल्या दातांच्या तीन दवाखान्यांचे. तिन्हींवर तिचंच नाव, तोच खालचा जबडा. पहिल्या कागदावरचा शेवटचा आकडा ९० हजार, दुसऱ्यावरचा २ लाख ४० हजार, तिसऱ्यावरचा ४ लाख ७५ हजार.

"फ्रिजच्या किमतीत एवढा फरक निघाला असता तर मी दुकानदाराशी भांडले असते," ती म्हणाली. "डॉक्टरांशी कसं भांडायचं रे?"

भांडण्यासारखं काही नव्हतं, पण ते कळायला मला पंधरा दिवस लागले. तिघांनी तीन निरनिराळ्या वस्तूंच्या किमती लिहिल्या होत्या. 'इम्प्लांट' हा शब्द मात्र तिन्ही कागदांवर होता, आणि आत्या त्या एका शब्दाचे तीन भाव वाचत होती.

आत्या एकाहत्तर वर्षांची. लग्नानंतर सासूबाईंच्या डबीतून सुरू झालेली मिश्री तिने पन्नाशीला सोडली, पण तोवर हिरड्या दातांपासून सुटल्या होत्या. पायोरियाने एकेक दात हलला, एकेक काढला. साठीला वरखाली पूर्ण कवळी बसली. वरची कवळी बरी चालते. टाळूचा सगळा पृष्ठभाग तिच्या मदतीला असतो, थुंकीच्या पातळ थराने ती टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला असा आधार नाही. ती घोड्याच्या नालेसारखी, मधे जीभ, बाहेर ओठ आणि गाल. तिघंही बोलताना-खाताना तिला ढकलत असतात. पेरूची एक बी खाली शिरली की आत्या ताटावरून उठते. संक्रांतीला तिळगूळ ती हातात घेते आणि शेजारच्या नातवाला देते. पूर्ण कवळीवर चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच राहतो. भाकरी दुधात कुस्करून का खावी लागते, याचं उत्तर त्यात आहे.

आणि दर तीन-चार वर्षांनी कवळी आणखी सैल का होते? दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही, आणि ते झिजायला लागतं. सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षात होते, पुढे वेग मंदावतो, पण थांबत नाही. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट निघाली. म्हणजे ज्या जबड्यावर कवळी आधीच नीट बसत नाही, त्याचंच हाड जास्त वेगाने जातं. आत्याची तक्रार फक्त खालच्याच कवळीबद्दल होती, ती उगीच नव्हे.

या हाडात धातू रुजवता येतो, हा शोध काटकसरीतून लागला. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक नळकांडी बसवून आतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. ती नळकांडी महाग होती, म्हणून प्रयोग संपल्यावर काढून पुन्हा वापरायचा त्यांचा विचार होता. ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो. शरीर त्याला परका समजून बाहेर ढकलत नाही, हाडाच्या पेशी थेट त्याला लागून वाढतात. १९६५ साली गोथेनबर्गला योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ब्रोनेमार्क यांनी चार इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारले, तेव्हाही ते जागेवर होते. तरी जगाने हे मान्य करायला १९८२ ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली. हाडात धातू टिकेल यावर दंतवैद्यांचाच विश्वास बसत नव्हता.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे. तो हाडात बसणारा स्क्रू. दाताच्या मुळाची जागा घेणारा. त्याच्यावर एक जोड बसतो, अबटमेंट, आणि त्यावर दिसणारा दात. एक दात गेला असेल तर एक स्क्रू, एक जोड, एक कॅप. पण सगळेच दात गेले असतील तर चौदा स्क्रू लागत नाहीत. लिस्बनचे दंतवैद्य पाउलो मालो यांनी चार स्क्रूंवर अख्ख्या जबड्याचा पूल उभा करण्याची पद्धत रूढ केली. तीच जाहिरातींतली 'ऑल-ऑन-फोर'. खालच्या जबड्यात हनुवटीच्या दोन्ही बाजूंना एक नस हाडातून बाहेर येते. तिच्या मागे हाड कमी आणि नसेला धोका. दोन नसांच्या मधलं, हनुवटीचं हाड मात्र टणक असतं आणि सगळ्यांत उशिरापर्यंत टिकतं. मालोंनी मागचे दोन स्क्रू तिरके घातले, टोक पुढे आणि डोकं मागे. घडवंचीचे पाय फाकलेले असतात तसे. नस टळली, आणि वरचा पूल दाढांपर्यंत पोचला. वरच्या जबड्यात हीच युक्ती सायनसची पोकळी चुकवते, त्यामुळे पुष्कळांना हाडभरणीचं वेगळं ऑपरेशन आणि त्याचं वेगळं बिल टळतं.

आता कागद उलगडू.

दुसरा कागद याच पद्धतीचा होता. चार कोरियन स्क्रू, मिळून ८० हजार. चार जोड, ३२ हजार. पहिले काही महिने वापरायचे तात्पुरते दात, २८ हजार. शेवटचा पूल, आत धातूची पट्टी आणि वर अ‍ॅक्रिलिकचे दात, ८० हजार. थ्री-डी स्कॅन आणि शस्त्रक्रियेची किरकोळ खाती, २० हजार. म्हणजे लोक ज्याला 'इम्प्लांट' म्हणतात तो स्क्रू एकूण बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याचाच. बाकीचं बिल जोडांचं आणि लॅबमध्ये हाताने होणाऱ्या कामाचं. लॅब हा शब्द आत्याच्या एकाही कागदावर नव्हता, आणि माझं मत असं की रुग्णाने सगळ्यांत जास्त चौकशी तिचीच करावी. चांगला सर्जन आणि वाईट लॅब ही जोडी महागात पडते. स्क्रू पक्का बसतो, पण पूल त्यावर केसभर तिरका बसला की दर दोन महिन्यांनी काहीतरी सैल होतं.

तिसऱ्या कागदावर सहा स्वित्झर्लंडचे स्क्रू २ लाख २८ हजारांचे, त्यांचे जोड ५४ हजारांचे, आणि वर झिर्कोनियाचा पूल दीड लाखाचा. बाकीचे तात्पुरते दात आणि स्कॅनचे. झिर्कोनिया हा पांढरा, फार कठीण सिरॅमिक पदार्थ. त्याच्या ठोकळ्यातून यंत्र अख्खी दंतपंक्ती कोरून काढतं. दिसायला सुंदर, हळदीने पिवळा होत नाही, झिजत नाही. पण तडकला तर सहसा पुन्हा नव्यानेच करावा लागतो. अ‍ॅक्रिलिकचा दात दोन-चार वर्षांत झिजतो, कधी तुटतो, आणि लॅबमधला माणूस तासाभरात तो लावून देतो. एकाहत्तर वर्षांच्या बाईला कुठला परवडेल, या प्रश्नात फक्त पैशांचा विचार नको.

कंपन्यांबद्दल थोडं सांगतो, कारण दवाखान्यात नावं मंत्रासारखी म्हटली जातात. नोबेल बायोकेअर ही ब्रोनेमार्क यांच्या कामातून उभी राहिलेली कंपनी, स्ट्रॉमन ही बाझलची. त्यांच्यामागे अनेक दशकांची नोंद आहे आणि ती किमतीत दिसते. कोरियाची ऑस्टेम, इस्राएलच्या एमआयएस आणि अल्फा-बायो यांचे स्क्रू कमी भावात मिळतात. ब्राझीलची निओडेंट तर आता स्ट्रॉमनच्याच मालकीची आहे. महाग स्क्रू हाडात जास्त घट्ट बसतो असा याचा अर्थ घेऊ नये. नीट निवडलेल्या रुग्णांत, नीट बसवलेल्या स्क्रूंपैकी दहा वर्षांनीही शेकडा नव्वदच्या वर टिकतात. नामांकित कंपनीचा खरा उपयोग पंधरा वर्षांनी होतो: तेव्हा त्याच मापाचा जोड आणि स्क्रूड्रायव्हर बाजारात मिळायला हवा.

दातांच्या किमतीवरून माणसं पूर्वीही पेटत. १८५० नंतर अमेरिकेत गुडइयरच्या व्हल्कनाइज्ड रबराने कवळी स्वस्त झाली. सोन्याच्या किंवा हस्तिदंताच्या पट्टीऐवजी रबराचा पाया. मग एका कंपनीने रबरी कवळीच्या पेटंटावर दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केली, न देणाऱ्यांवर खटले भरले. खटल्यांमागे लागलेला कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला, तिथे सॅम्युअल शॅलफंट नावाच्या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. दोन वर्षांनी पेटंटाची मुदत संपली आणि रबराची कवळी सर्वांना मोकळी झाली.

राहिला पहिला कागद, ९० हजारांचा. आत्याने तो सगळ्यांत खाली ठेवला होता, स्वस्त म्हणून संशयाने. त्यात दोनच स्क्रू होते, ४४ हजारांचे; दोन जोड १६ हजारांचे; नवी खालची कवळी २५ हजारांची; स्कॅनचे वगैरे ५ हजार. हनुवटीच्या टणक हाडात दोन स्क्रू, त्यांच्या डोक्यावर टिचबटणाचा एक भाग, कवळीच्या पोटात दुसरा. सकाळी कवळी दाबली की टिच् असा आवाज होतो आणि ती बसते. रात्री काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. हे 'फिक्स दात' नाहीत आणि तसं कुणी म्हणत असेल तर खोटं आहे. पण कवळी सरकत नाही, उचलत नाही, आणि स्क्रूंभोवतीचं हाड जास्त टिकतं.

२००२ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एक निवेदन काढलं: खालच्या दंतहीन जबड्यासाठी नुसती कवळी हा पहिला पर्याय मानू नये, दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी मानावी. पुढे २००९ मध्ये इंग्लंडमध्ये यॉर्कलाही तसंच म्हटलं गेलं. दोन दशकं उलटून गेली. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरच्या फलकांवर 'एका दिवसात पूर्ण दात' दिसतात, दोन स्क्रूंची कवळी क्वचितच. कारण उघड आहे, तिच्यात कमाई कमी आणि फोटो चांगला येत नाही. पण दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की कवळी काढून ठेवण्याचीच ज्यांना लाज किंवा मळमळ आहे, ज्यांचं बोलण्याचं काम आहे, जे पन्नाशीत आहेत, त्यांना चार-सहा स्क्रूंचा पूल हा खरोखर वेगळा आणि चांगला अनुभव देतो. परवडत असेल तर तो जरूर घ्यावा.

'एका दिवसात' या शब्दांचा अर्थ मात्र नीट विचारून घ्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत जे दात बसतात ते बहुधा तात्पुरते असतात. हाड स्क्रूला धरायला साधारण तीन ते सहा महिने घेतं. तोवर मऊ खायचं. पक्का पूल त्यानंतर, आणि त्याचे पैसे आधीच्या आकड्यात धरलेत की नाही हा पहिला प्रश्न. हाड मऊ निघालं आणि स्क्रू पुरेसा घट्ट बसला नाही, तर त्या दिवशी दात बसवू नयेत, असं सांगणारा डॉक्टर चांगला.

तिन्ही दवाखान्यांना मी फोन करून तेच तेच विचारलं. स्क्रू एखादा रुजलाच नाही तर पुन्हा बसवायचं कोण आणि कोणाच्या खर्चाने? 'लाइफटाइम वॉरंटी' म्हणजे कंपनी नवा स्क्रू देणार, की शस्त्रक्रिया आणि पूलही त्यात आले? सहा महिन्यांनी सफाई आणि स्क्रू कसण्याचे किती? दोघांनी शांतपणे सांगितलं. तिसऱ्याच्या रिसेप्शनवरच्या मुलीने "सर, ईएमआय आहे" एवढंच सांगितलं, तीनदा. चौथी चौकशी पदवीची. भारतात इम्प्लांटॉलॉजी नावाची वेगळी एमडीएस शाखा नाही. हे काम प्रामुख्याने प्रोस्थोडाँटिस्ट, म्हणजे दात बसवणारे, पेरिओडाँटिस्ट, म्हणजे हिरड्यांचे, आणि तोंडाचे सर्जन करतात. अनुभवी बीडीएस डॉक्टरही करतात. पाटीवरच्या लांबलचक अक्षरांपेक्षा अशा किती केसेस केल्या आणि पाच वर्षांपूर्वीचा एखादा रुग्ण आज काय म्हणतो, हे विचारावं.

मधुमेह ताब्यात नसेल, तंबाखू चालू असेल तर स्क्रू निकामी होण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे हा मुद्दा लहान नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक धूरविरहित. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल ज्यांना औषधं किंवा इंजेक्शनं चालू आहेत त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाड भरून येत नाही. आणि स्क्रूला कीड लागत नाही म्हणून घासणं सोडलं तर भोवतालची हिरडी सुजते, हाड खाल्लं जातं, आणि पायोरियाचाच दुसरा अवतार सुरू होतो.

आत्याचे दीर न्यू जर्सीत असतात. तिकडे एका जबड्याला वीस-पंचवीस हजार डॉलर सहज सांगतात, आणि वृद्धांच्या मेडिकेअरमध्ये दातांचा बहुतेक खर्च बसत नाही. म्हणून ते एका डिसेंबरात पुण्याला आले, इथल्या एका दवाखान्यात वरचा जबडा करून घेतला, विमानाच्या तिकिटासह निम्म्याहून कमी पैशांत. हिशेब बरोबर होता. फेब्रुवारीत तात्पुरता पूल तडकला. न्यू जर्सीतल्या डॉक्टरने विचारलं, स्क्रू कुठल्या कंपनीचा? दिरांकडे फक्त बिल होतं, त्यावर 'फोर इम्प्लांट्स'. त्याचा एकही स्क्रूड्रायव्हर बसेना. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर असतो, रुग्णाला देण्यासाठीच. तो मागून घ्या, फाइलमध्ये चिकटवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

विम्याची आशा फारशी धरू नये. भारतातल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दातांचे उपचार अपघाताशिवाय वगळलेले असतात. ज्यांना ९० हजारही जड आहेत त्यांनी खासगी दवाखान्यात कर्ज काढण्याआधी दंत महाविद्यालयांत जावं. मुंबईत १९३३ पासूनचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एमडीएसचे विद्यार्थी काम करतात. सुट्या भागांचे पैसे सहसा आपल्यालाच भरावे लागतात, पण बाकीची फी नावापुरती. फेऱ्या फार होतात आणि बाकावर बसायची तयारी हवी. विद्यार्थी हळू काम करतो, आणि या कामात हळू असणं वाईट नाही.

आत्याने पहिला कागद घेतला. ९० हजारांचे १ लाख १२ हजार झाले. हाडाचा एक टोकदार कंगोरा घासावा लागला, त्याचे ४ हजार, आणि नव्या खालच्या दातांशी जुळावी म्हणून वरची कवळीही नवी केली, १८ हजारांना. हे दोन्ही खर्च कोटेशनात नव्हते. डॉक्टरांनी आधी फोन करून सांगितले, मगच केले. साडेतीन महिन्यांनी टिचबटणं बसली.

त्या बटणांत नायलॉनच्या दोन टिकल्या असतात. वर्ष-दीड वर्षाने त्या सैल होतात आणि बदलाव्या लागतात. गेल्या आठवड्यात आत्या त्यासाठी जाऊन आली. दोन टिकल्यांचे दोन हजार रुपये झाले, दहा मिनिटं लागली, आणि येताना तिने मंडईतून अर्धा किलो पेरू आणले.